गेरूचा कोड

वेबपेजच्या सीएसएसमध्ये 'इंडियनरेड' लिहिलं की ब्राउझर ते 'सीडी ५सी ५सी' असं वाचतो. सी म्हणजे १२, डी म्हणजे १३; म्हणून १२ × १६ + १३ = २०५ लाल, आणि हिरवा-निळा प्रत्येकी ९२. इतकं सोपं आहे. नाव मात्र जुनं. एक्स११ या १९८० च्या दशकातल्या प्रणालीच्या यादीतून ते वेबवर आलं, त्याआधी चित्रकारांच्या पेटीत होतं: भारतातली लोहयुक्त लाल माती, म्हणजे आपला गेरूच. अमेरिकेतली मुलं ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या कातडीचं नाव समजतील, म्हणून क्रेयोलानं १९९९ मध्ये आपल्या खडूचं नाव 'चेस्टनट' केलं. सीएसएसमध्ये अजून तेच आहे.

मलाही ते खटकायचं. मग इथे न्यूझीलंडमध्ये माओरींचा कोकोवाई कळला, शार्कच्या तेलात कालवून कोरीवकामाला लावायचा. तीही लाल लोहमातीच. सीएसएसच्या १४८ नावांत कोकोवाई नाही.