वडूजचं गाणं

गटातल्या आम्ही पाच जणींनी घरीच एक गाणं बसवलं. पेटी, टाळ, आणि मोबाइल पिठाच्या डब्यावर उभा. मध्येच कुकरची शिट्टी आलीय, ती तशीच ठेवली.

गाणं वडूजच्या हुतात्म्यांचं. ९ सप्टेंबर १९४२. ‘चले जाव’ची हाक देऊन महिनाच झालेला. ३ तारखेला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला होता, त्यामुळं खटाव तालुक्यातही उमेद होती. गावोगावची माणसं झेंडा घेऊन वडूजच्या कचेरीवर निघाली. पुढं वडगावचे परशुराम घार्गे. गोळीबार झाला. नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही गोळ्या चालल्या. पुढं नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, ते याच मातीत.

गाणं शेजारगावच्या भजनी मंडळाला पाठवलं. चाल आवडली. पण त्यांच्या पेटीवाल्या मावशी म्हणाल्या, “बायांनो, नऊ गेले म्हणता, मग नाव एकाचंच का?”

आम्ही गप्प. यमकात एकच नाव बसलं होतं, खरं कारण एवढंच! मग स्मारकावर जाऊन सगळी नावं वहीत उतरवून आणली. ती चालीत बसेनात. शेवटी पेटीचा सूर धरून ठेवला आणि नावं नुसती उच्चारली. आता मावशी विचारतात, त्यांच्या मागं राहिलेल्या बायकांचं काय? त्यासाठी आम्ही गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडं जातोय. एक कडवं मोकळं ठेवलंय.