क्लाउडमधली भोकं कशी बुजवतात?



आपल्या मंडळातल्या पुष्कळ घरांत कुणी ना कुणी संगणक क्षेत्रात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, ही मंडळी रात्री-बेरात्री लॅपटॉप उघडून बसली होती. कारण होते 'लॉग-फोर-जे' नावाचे एक फुकट मिळणारे पॅकेज. हे प्रकरण समजले की क्लाउडची सुरक्षा म्हणजे काय, तेही समजते.

क्लाउड म्हणजे भाड्याचे संगणक. अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल हे घरमालक. इमारत, वीज, बाहेरचे फाटक त्यांनी सांभाळायचे. आतले कपाट मात्र बहुतेक वेळा भाडेकरूनेच बंद करायचे. आणि पॅकेज म्हणजे तयार मसाला. हल्ली कुणी घरी कांडत बसत नाही. पण मसाल्यात भेसळ निघाली तर नुसते डबे तपासून भागत नाही, तोच मसाला घातलेला विकतचा चिवडाही शोधावा लागतो. खरी मेहनत इथेच आहे.

लॉग-फोर-जेचे काम साधे: प्रोग्रॅममध्ये काय घडले याची नोंद ठेवणे. दोष असा की नोंदीत विशिष्ट पद्धतीचा मजकूर आला तर ते पॅकेज त्याला हुकूम समजे, दिलेल्या पत्त्यावरून परका प्रोग्रॅम आणे आणि चालवे! माइनक्राफ्ट खेळात गप्पांच्या चौकटीत एक ओळ टाकून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. अलिबाबाच्या क्लाउड सुरक्षा पथकातील चेन झाओजुन यांनी २४ नोव्हेंबरला हा दोष अपाची संस्थेला कळवला, ९ डिसेंबरला तो जगजाहीर झाला. तीव्रता दहापैकी १०.

दुरुस्तीही एका झटक्यात झाली नाही. २.१५.० आवृत्ती अपुरी ठरली, मग २.१६.०, मग २.१७.०, आणि महिनाअखेरीस २.१७.१ ला गाडी थांबली. दर वेळी तेच चक्र: पॅकेज कुठे कुठे आहे ते शोधा, नवी आवृत्ती घाला, चाचणी घ्या, सर्व्हरची प्रतिमा पुन्हा बांधा, जुने सर्व्हर बंद करून नवे सुरू करा. शेवटची पायरी हमखास विसरली जाते. डिस्कवर नवी आवृत्ती आली तरी मेमरीत जुनीच चालू राहते. शिवाय चोर आधीच आत शिरला होता का, हेही पाहावे लागते. भोक बुजवल्याने तो बाहेर जात नाही. २०१४ च्या 'हार्टब्लीड' दोषात तर पॅच लावल्यावर गुप्त किल्ल्याही बदलाव्या लागल्या होत्या.

उशीर केला तर काय होते, ते २०१७ मध्ये इक्विफॅक्सने दाखवले. 'स्ट्रट्स' पॅकेजमधल्या दोषाची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. ती एका सर्व्हरवर लागलीच नाही, मे महिन्यात चोर शिरले, आणि जुलैअखेरपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. सुमारे १४.७ कोटी अमेरिकन लोकांची माहिती गेली, सोशल सिक्युरिटी नंबरांसकट. ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षे कागद जपणाऱ्या आपल्या लोकांना याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

इतरांचे सर्व्हर आपल्या हातात नाहीत. पण सप्टेंबर २०१८ पासून अमेरिकेत क्रेडिट फ्रीझ फुकट आहे. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन, तिन्हीकडे ते वेगवेगळे करावे लागते. मुलांच्या नावानेही करता येते.