काढून टाकण्याचा अधिकार

घरात आणलेली वस्तू नकोशी झाली, तर ती उचलून बाहेर ठेवण्याचा अधिकार घरमालकाचा असतो, याविषयी कोठेही दुमत नाही. घरगुती संगणकाच्या बाबतीत मात्र हा साधा अधिकार मान्य करून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. ही हकीकत अमेरिकेतील असून तिचा मुख्य प्रसंग २००५ सालचा आहे.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्या काळी संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, बहुधा एका फ्लॉपीवर किंवा डिस्कच्या एका कप्प्यात नांदत असे. तो कप्पा पुसला की काम संपले. पुढे विंडोज आली आणि आज्ञावलीचा संसार विस्तारला. काही फाइली तिच्या स्वतःच्या कप्प्यात, काही सर्वांच्या सामाईक कोठारात आणि काही नोंदी रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती दप्तरात, असा तिचा पसारा होऊ लागला. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ मध्ये आज्ञावली काढून टाकण्यासाठी एक यादी देण्यात आली. तथापि प्रत्यक्ष काढण्याचे काम बहुधा त्या आज्ञावलीनेच बरोबर आणलेला सहायक करी. पाहुण्याने जाताना आपली खोली आपणच झाडावी, अशी ही व्यवस्था होती. पाहुणा सज्जन असेल तोवर ती ठीक चाले.

तो सज्जन नसेल तर काय होते, हे ३१ ऑक्टोबर २००५ रोजी जगापुढे आले. विंडोजचे जाणकार मार्क रसिनोविच यांना आपल्या संगणकात काही लपलेल्या फाइली आढळल्या. शोध घेता त्यांचे मूळ एका संगीताच्या सीडीत निघाले. ती सोनी बीएमजी या कंपनीने प्रसिद्ध केलेली होती. गाण्यांच्या नकला होऊ नयेत, म्हणून या सीडीबरोबर एक्ससीपी नावाची आज्ञावली संगणकात शिरत असे. ती स्वतःला विंडोजच्या दृष्टीआड ठेवी. विशिष्ट चिन्हांनी सुरू होणारे नाव धारण करणारी कोणतीही फाइल तिच्यामुळे अदृश्य होई. अशा लपवाछपवीच्या साधनास रूटकिट म्हणतात. काढून टाकावयाच्या यादीत तिचे नाव नव्हतेच. हाताने फाइली पुसल्या, तर सीडी वाचणारे यंत्रच बंद पडे. कारण त्या यंत्राच्या कारभारात तिने आपला मध्यस्थ बसविला होता. ओसरी मागून साऱ्या घरात हातपाय पसरावेत, तसा हा प्रकार होता.

बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, मग त्यांनी काळजी का करावी, अशा आशयाचा प्रश्न कंपनीच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकन नभोवाणीवरून विचारला. उत्तर थोड्याच दिवसांत मिळाले. नोव्हेंबरमध्येच त्या आडोशाचा लाभ घेणाऱ्या घातक आज्ञावल्या फिरू लागल्या. कंपनीने काढून टाकण्याचे साधन देऊ केले. पण प्रिन्स्टन विद्यापीठातील एड फेल्टन व अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांनी दाखवून दिले की, त्या साधनाने मागे ठेवलेल्या घटकामुळे कोणतेही संकेतस्थळ त्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शके. रोगापेक्षा औषध भयंकर ठरले. कंपनीस सीडी परत मागवाव्या लागल्या. २१ नोव्हेंबरला टेक्सास राज्याने खटला भरला. ग्राहकांच्या दाव्यातील तडजोडीस मे २००६ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने मान्यता दिली. जानेवारी २००७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीनुसार, ही आज्ञावली काढताना बिघडलेल्या संगणकाच्या दुरुस्तीपोटी ग्राहकांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देणे कंपनीस भाग पडले.

तरीही प्रश्न कायमचा मिटला नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवोच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाची जाहिरातींची आज्ञावली कारखान्यातूनच भरलेली आढळली. ती यादीतून काढली, तरी तिने बसविलेले प्रमाणपत्र मागे उरे, आणि सुरक्षित संपर्काचा भरवसा त्यामुळे धोक्यात येई. ते स्वतंत्रपणे काढावे लागले.

या दोन्ही प्रकरणांवरून संपूर्ण उच्चाटनाचा क्रम ध्यानी येतो. प्रथम यादीतून आज्ञावली काढावी व संगणक पुन्हा सुरू करावा. मग संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी, ब्राउझरची जोडसाधने आणि मागे उरलेल्या फाइली पाहाव्यात. आज्ञावली लपून बसली असल्याचा संशय असेल, तर तपासणी बाहेरच्या डिस्कवरून संगणक सुरू करून करावी. आतून तपासणे म्हणजे चोरासच घराची झडती घेण्यास सांगणे होय. एवढ्यानेही शंका फिटली नाही, तर आपली कागदपत्रे अन्यत्र सुरक्षित ठेवून डिस्क पुसावी व विंडोज नव्याने बसवावी.

गीताचे हक्क कंपनीचे असतील. संगणक मात्र घरमालकाचा असतो. आत येण्यास जशी त्याची संमती हवी, तसेच त्याने जा म्हणताच मागमूस न ठेवता निघून जाण्याचे बंधनही आज्ञावलीवर हवे. २००५ सालच्या प्रकरणाने हा भेद सर्वांच्या लक्षात आणून दिला, हेच त्याचे महत्त्व होय.