बाबाजी आणि रामजी

परदेशीं चाकरी म्हटली कीं बॅरिस्टरी, आगबोट आणि धक्क्यावरचे हारतुरे, असें चित्र आमच्या पांढरपेशा घरांत पिढ्यानपिढ्या रंगविलें गेलें. कोंकणांतील कुळवाडी त्याच्या कितीतरी आधीं समुद्र ओलांडून गेला होता.

१८३३ च्या कायद्यानें इंग्रजी साम्राज्यांतील गुलामगिरी संपली व मॉरिशसच्या मळेवाल्यांस उंसासाठीं मजुरांची नड भासली. १८३४ च्या नोव्हेंबरांत 'अॅटलस' जहाजानें कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईस बंदरीं उतरविले. पुढें मुंबईहूनही जहाजें सुटूं लागलीं. आरंभीचा करार ५ वर्षांचा, पगार पुरुषास दरमहा ५ रुपये, आणि एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांचें वेतन कापण्याची ती कुप्रसिद्ध 'डबल कट'! हिला चाकरी म्हणावें कीं काय, हें वाचकांनींच ठरवावें.

आम्हांस अधिक चटका लावतात तीं आडनांवें. नोंदवहींत मजुराचें एकेरी नांव आणि क्रमांक चढे. बापाचें तें नांवच पुढें लेंकरांचें आडनांव होऊन बसलें. म्हणून तेथें बाबाजी, रामजी अशीं घराणीं आढळतात. मूळ आडनांवें समुद्रांतच गळालीं म्हणाना! गणपति मात्र गळाला नाहीं. गणेशचतुर्थीस मॉरिशसमध्यें आज सरकारी सुटी असते.