ओढणे आणि आवरणे

१९६३ साली महिंद्रने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. पुढे दौंडच्या भीमाकाठचा ऊसही हळूहळू बैलगाडीतून ट्रॉलीत चढला. या स्थित्यंतराचा इतिहास लिहिताना आपण ओढण्याची ताकद मोजतो. आवरण्याची कोणी मोजत नाही. उतारावर मागचा रेटा बैल जुवावर झेलीत, पाय रोवून गाडी थोपवीत. ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेकच नसतात. म्हणून जाणता चालक उतारापूर्वीच खालचा गिअर टाकतो. वळणावर एकदम ब्रेक दाबला, तर मागचा भार ट्रॅक्टरलाच आडवा लोटतो. पाटसच्या कारखान्याकडे जाताना पुणे-सोलापूर महामार्ग लागतो. तेथे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री मागच्याला दिसतही नाही. गाडीवान निदान गाडीखाली कंदील टांगत असे.