जुन्या मोटारगाडीचा मागील आस व ब्रेक
जुन्या मोटारगाडीचा मूळ मागील आस, म्हणजेच कारागिरांच्या भाषेतील ‘एक्सल’, काढून त्याच्या जागी नंतरच्या काळातील अधिक प्रभावी ब्रेक असलेला आस बसविण्याची पद्धत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः कॅलिफोर्नियात, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे रूढ झाली. वरवर पाहता हा एका सुट्या भागाचा बदल वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे गाडीची सर्व मागील बाजू बदलते. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ या गाडीवरून हे चांगले स्पष्ट होते.

मॉडेल ए डिसेंबर १९२७ मध्ये बाजारात आली आणि १९३१ पर्यंत तिच्या सुमारे ४८ लाख गाड्या तयार झाल्या. तिच्या चारही चाकांना ब्रेक होते, पण ते पायपट्टीपासून पोलादी गजांच्या साहाय्याने लावले जात. गाडी कमानींवर खालीवर होताना गजांचा ताण बदलतो, आणि चारही गज सारखे जुळविलेले नसतील, तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढली जाते. पत्र्यापासून दाबून बनविलेले ड्रम उष्णतेने प्रसरण पावत, त्यामुळे लांब उतारावर ब्रेकची पकड कमी होई. ४० अश्वशक्तीच्या या गाडीस त्या काळच्या रस्त्यांवर हे ब्रेक पुरेसे होते. मात्र वेग दुप्पट झाला की थांबविण्यासाठी शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून १९३२ नंतर या हलक्या गाडीत व्ही-८ एंजिन बसविणाऱ्या तरुणांना ब्रेकचा उणेपणा चटकन जाणवला.

द्रवचालित ब्रेक तेव्हा नवे नव्हते. ड्यूझेनबर्ग गाडीत ते १९२१ पासून, तर क्राइस्लर गाडीत १९२४ पासून होते. हेन्री फोर्ड यांनी मात्र ते १९३९ च्या गाड्यांपर्यंत स्वीकारले नाहीत. हे धोरण काटकसरीपेक्षा हट्टाचेच म्हणावे लागते, कारण १९२८ मध्ये आलेल्या प्लिमथ या स्वस्त गाडीतही असे ब्रेक होते. फोर्डने ते स्वीकारल्यावर १९३९–४८ च्या गाड्यांचे ब्रेक थोड्याशा फेरफाराने जुन्या फोर्ड गाड्यांना बसू लागले. मोडीच्या बाजारात असे भाग स्वस्तात मिळत. म्युरॉक, एल मिराज यांसारख्या कोरड्या सरोवरांच्या तळांवर शर्यती खेळणाऱ्यांनी हा उपाय लोकप्रिय केला.

यापुढची पायरी संपूर्ण आस बदलण्याची. फोर्डचा जुना आस व १९५७ पासून वापरात आलेला तिचाच ‘नऊ इंची’ आस (मोठ्या दंतचक्राच्या सुमारे २३ सेंमी. व्यासावरून हे नाव पडले) यांत मूलभूत फरक आहे. जुन्या आसात चाकाचा तुंबा निमुळत्या दांड्यावर चावी व नट यांनी बसविलेला असतो. ड्रम उतरविण्यास ओढणी लागते व ते काम वेळखाऊ असते. नव्या आसात ड्रम सहज निघतो आणि हवी असल्यास डिस्कही बसविता येते. खरी अडचण मात्र वेगळीच आहे. मॉडेल ए मध्ये चालक दांडा एका पोलादी नळीत बंदिस्त असून चाकांचा पुढे ढकलणारा जोर आणि ब्रेक लावताना आसाला बसणारा पीळ ही नळीच मुख्यत्वे पेलते. मागील कमान आडवी असल्याने तिला एकटीला तो पीळ सहन होत नाही. नव्या आसाला अशी नळी जोडलेली नसते. म्हणून आसाला धरून ठेवणारे वेगळे दांडे सांगाड्यास जोडावे लागतात, चालक दांडा उघडा करावा लागतो आणि त्याच्याशी जुळणारी दंतचक्रपेटीही शोधावी लागते. चाकाच्या पाच बोल्टांचे वर्तुळही सर्वत्र सारखे नसते: जुन्या फोर्डचे ते १३९·७ मिमी., तर नंतरच्या बहुतेक प्रवासी गाड्यांचे ११४·३ मिमी. व्यासाचे आहे.

एवढा खटाटोप करूनही केवळ मागील ब्रेक सुधारल्याने थांबण्याचे अंतर फारसे कमी होत नाही. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे सरकतो व पुढील चाकांनाच अधिक काम करावे लागते. हलक्या गाडीच्या मागे बलवान ब्रेक आणि पुढे जुनेच ब्रेक असतील, तर मागील चाके आधी जखडून गाडी गर्रकन फिरण्याचा धोका असतो. म्हणून जाणते कारागीर आधी पुढील ब्रेक सुधारतात व मागील ब्रेककडे जाणारा दाब झडपेने नियंत्रित करतात. हातब्रेकची सोय विसरली जाते, ही या कामातील नेहमीची चूक होय. एकाच नलिकामंडलाच्या द्रवचालित ब्रेकमध्ये एक गळती झाली तरी चारही ब्रेक निकामी होतात आणि मग आधार उरतो तो त्याचाच.

जतनाच्या दृष्टीने या बदलाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तूरिन सनदेनुसार आवश्यक बदल नजरेत न भरणारे व शक्यतो पूर्ववत करता येण्याजोगे असावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग जपून ठेवावेत. ओतीव लोखंडाचे ड्रम बसविणे या कसोटीस बरेचसे उतरते. सांगाड्याचा आडवा दांडा कापणे उतरत नाही. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होण्यासाठी ते मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते. सांगाडा, बाह्यकाय वा एंजिन यांत मोठा फेरफार केलेल्या गाडीस ही नोंदणी मिळत नाही.