घरगुती मत्स्यालय : काचेमागच्या पाण्याची गोष्ट

घरात मासे पाळण्याची रीत काचेच्या टाकीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. चीनमध्ये सोंग राजवटीत सोनमासे बागेतल्या तळ्यांत पोसले जात. पुढे मिंग काळात ते मातीच्या आणि चिनी मातीच्या कुंड्यांतून घराच्या आवारात आले. हा मासा वरून पाहायचा असे आणि पाणी खराब झाले की ते बदलायचे, एवढीच त्याची निगा. पाणी न बदलता मासा जगवता येईल का, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात युरोपात विचारला गेला आणि मत्स्यालयाचा इतिहास खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो.

आरंभीच्या प्रयत्नांत दोन स्त्रियांची नावे आदराने घ्यावी लागतात. जान व्हिलप्रू-पॉवर ही पॅरिसमध्ये शिवणकाम केलेली फ्रेंच स्त्री लग्नानंतर सिसिलीतल्या मेसिना शहरी राहायला गेली. अर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसचा भाईबंद आपले शिंपले स्वतः घडवतो की दुसऱ्याचे बळकावतो, हे ठरवण्यासाठी तिने १८३२ मध्ये काचेच्या टाक्या करवून घेतल्या. तो ते स्वतःच घडवतो, हे तिने सिद्ध केले. लंडनच्या ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून आणलेली प्रवाळे घरी जगवली. समुद्राचे पाणी ताजे राहावे म्हणून त्यांची मोलकरीण ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. पाण्यात हवा मिसळण्याचे जे काम आज पंप करतो, ते तेव्हा त्या मोलकरणीच्या हातांनी होत होते.

याला शास्त्राची बैठक दिली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने. सुमारे बारा गॅलनच्या, म्हणजे चौपन्न लिटरच्या काचपात्रात त्याने तळाशी वाळू, चिखल आणि दगड घातले, रिबनसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनमासे सोडले. वनस्पती उजेडात ऑक्सिजन सोडते, मासा तो घेतो आणि त्याचा उच्छ्वास वनस्पतीच्या कामी येतो, हे त्यामागचे गणित. पण काही दिवसांत जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले आणि काचेवर शेवाळ धरले. तेव्हा वॉरिंग्टनने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाऊन पाणी निवळले, शिवाय त्यांची अंडी आणि पिल्ले माशांना खाद्य म्हणून मिळाली. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे मोल गोगलगायीत आहे. कुजणाऱ्या पदार्थाची विल्हेवाट लावणारा तिसरा घटक टाकीत लागतोच, हे वॉरिंग्टनने नेमके ओळखले होते.

पुढची काही वर्षे धामधुमीची होती. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि त्यासाठी समुद्री जीव पुरवणाऱ्या फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने पुढच्याच वर्षी मत्स्यालयावर पुस्तक लिहिले. ते वाचून माणसे किनाऱ्यावर लोटली. विल्यम ॲल्फर्ड लॉइडने लंडनमध्ये टाक्या, जीव आणि समुद्राचे पाणीही विकणारे दुकान थाटले. या हौसेची किंमत किनाऱ्याला मोजावी लागली. खडकांमधली जिवंत डबकी ओरबाडली गेली आणि गॉसच्या मुलाने १९०७ मधल्या आपल्या आठवणींत त्याबद्दल कळवळून लिहिले. लॉइडचे दुकान बुडाले, पण त्याची दृष्टी पक्की होती. पुढे हॅम्बुर्गमध्ये आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठी मत्स्यालये उभारताना त्याने दर्शनी टाक्यांच्या कैक पट पाणी खालच्या अंधाऱ्या हौदात साठवले आणि ते सतत फिरते ठेवले.

घराघरांत मात्र 'समतोल टाकी'ची कल्पना रुजली : झाडे आणि मासे योग्य प्रमाणात ठेवा, पाणी आपोआप नीट राहील. जवळजवळ शंभर वर्षे पुस्तके हेच सांगत राहिली. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातले जेम्स ॲट्झ यांनी १९४९ मध्ये हा समज खोडून काढला. टाकीतला बहुतेक ऑक्सिजन पाण्याच्या पृष्ठभागातून येतो आणि कार्बन डायऑक्साइडही तिथूनच जातो. रात्री तर झाडे स्वतःच ऑक्सिजन वापरतात.

मासे बहुधा वेगळ्याच कारणाने मरत. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो आणि तो थोडाही विषारी असतो. त्याचे पुढे काय होते, याचे उत्तर मातीच्या अभ्यासात मिळाले. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ या फ्रेंच संशोधकांनी सांडपाणी वाळूतून झिरपू दिले, तेव्हा त्यातल्या अमोनियाचे नायट्रेट झाले. वाळूला क्लोरोफॉर्मची वाफ देताच ही क्रिया थांबली, म्हणजे ती जिवंत जंतूंची होती. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात याच प्रश्नावर काम करणाऱ्या रॉबर्ट वॉरिंग्टनने हे काम दोन टप्प्यांत होते, हे दाखवले : आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्हींचे जंतू वेगळे. हा वॉरिंग्टन म्हणजे सोनमासे पाळणाऱ्या वॉरिंग्टनचा मुलगा. बापाच्या टाकीत जो दुवा अदृश्य राहिला, तो मुलाने शेतातल्या मातीत शोधला. हे जंतू वेगळे करून वाढवण्यात त्याला यश आले नाही. ते काम १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी केले.

हे ज्ञान हौशी माणसाच्या टाकीपर्यंत पोहोचायला अर्धे शतक उलटून गेले. त्या काळात टाकी मात्र बदलत गेली. धातूची चौकट आणि पुटी होती, तिथे १९६० च्या दशकात काचेला काच चिकटवणारे सिलिकोन आले. विजेचे पंप आणि हीटर आल्यामुळे उष्ण प्रदेशातले मासे थंड देशांतल्या घरांतही सहज जगू लागले. खडीखालचा फिल्टर घरोघर पोहोचला, तो हवेच्या जोरावर पाणी खडीतून खेचत असे. खडीच्या प्रत्येक कणावर जंतूंचा थर बसे आणि मातीतले ते काम आता टाकीत होई.

आज नवी टाकी लगेच माशांनी भरू नये असे सांगतात, ते याच कारणाने. पाण्यात आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, आणि दोन्ही उतरून नायट्रेट दिसू लागायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नायट्रेट साचत राहते, म्हणून अधूनमधून थोडे पाणी बदलावे लागते. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतात, कारण नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यावरचे जंतू मारतो.

हे जंतू नेमके कोणते, हे ठरायला आणखी वेळ लागला. नायट्राइट संपवणारा नायट्रोबॅक्टर असतो, असे पुस्तके सांगत. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा हे काम नायट्रोस्पायरा या वेगळ्याच कुळातले जंतू करत असल्याचे आढळले. २०११ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात तर अशा टाक्यांच्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे बहुसंख्य जीव बॅक्टेरिया नसून आर्किया या निराळ्याच गटातले निघाले.